दीड वर्ष झालं बीएडला, पण मी तिथंच आहे

"मॅडम, इंग्रजी मेथड घेतली तीच चूक झाली. मलाच बोलायला येईना, पोरांना काय शिकवू?" बीएडच्या दुसऱ्या वर्षातल्या मुली हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला नेहमी येतात. (मुलगेही येतात, पण त्यांची सुरुवात "झोप लागेना" अशी असते.) त्यातल्या एकीबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

परभणी जिल्ह्यातल्या तांड्यावरची मुलगी. घरी गोरमाटी (बंजारा बोली), शाळेत मराठी, इंग्रजी त्यानंतरची. आईवडील दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. फी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून भरलेली. त्यामुळे नापास होण्यापेक्षा उचल वाया जाण्याची धास्ती मोठी.

२०१५ पासून बीएड दोन वर्षांचं झालं आणि शाळेतली इंटर्नशिप एकूण वीस आठवड्यांची. तिचा मोठा भाग दुसऱ्या वर्षी येतो. आधीच्या सूक्ष्म पाठात वर्गमैत्रिणीच विद्यार्थी होतात आणि ठरलेली उत्तरं देतात. खऱ्या सातवीत तसं होत नाही. ही फळ्यासमोर 'ही डोन्ट' म्हणाली, एका पोरानं चूक दाखवली, वर्ग हसला. तेव्हापासून पाठाच्या टाचणात लिहिलेल्या वाक्याबाहेर ती एक शब्द इंग्रजी बोलत नव्हती.

मी तिला चिंतनाची वही (पाठ कसा झाला ते लिहायची) आणायला सांगितलं. प्रत्येक पाठाखाली तेच: 'आजचा पाठ चांगला झाला. विद्यार्थ्यांनी उत्तम प्रतिसाद दिला.' वर्ग हसला त्या दिवशीही हेच! सीनियरच्या फाइलीतून उतरवलेलं. तिला दोष देत नाही. पानं भरली की सही मिळते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण अशा वहीत आपण किती पुढं आलो ते दिसणार कसं? मग आठवणीवरच भिस्त, आणि आठवणीत फक्त ते हसणं उरलेलं.

कॉलेजची वही तशीच राहू दे म्हटलं. वेगळ्या साध्या वहीत पाठानंतर एवढंच लिही: एखादं मूल काय चुकलं, त्याच्याच शब्दांत, त्याला तसं का वाटलं असेल, उद्या तू काय करणार. चांगला, वाईट हे शब्द वापरायचे नाहीत.

काही आठवड्यांनी तिनं एक पान दाखवलं. एक मुलगी म्हणाली होती, 'येस्टरडे आय गोएड टू मार्केट.' खाली हिनं लिहिलं होतं, 'भूतकाळ येत नाही.' दुसऱ्या दिवशी ते खोडून: 'येतो. क्रियापदाला ईडी (-ed) लावायचा नियम तिला कळला, म्हणून तिनं तो ‘गो’लाही लावला. मागं हीच पोरगी नुसतं आय गो म्हणायची.' चुकांमधून शिकणाऱ्याच्या डोक्यातले नियम दिसतात, हे पिट कॉर्डर या भाषातज्ज्ञानं १९६७ मध्ये मांडलं होतं. हिनं ते पेपरासाठी पाठ केलेलं. आता ते तिला सातवीच्या बाकावर भेटलं. माझ्या मते तिच्या दीड वर्षातली सगळ्यात मोठी वाढ त्या खोडलेल्या ओळीत होती, आणि ती कुठल्याही निरीक्षण तक्त्यात मावणारी नव्हती.

पुढच्या भेटीत ती स्वतःच्याच चुकांची यादी घेऊन आली. 'ही डोन्ट', 'डिड यू वेन्ट'. मोजक्याच जातीच्या, पुन्हा पुन्हा होणाऱ्या. 'मला इंग्रजी येत नाही' यावर कुणी काय करणार? यादीवर मात्र काम करता येतं.

इथं स्पष्ट बोलायला हवं. समुपदेशनानं इंग्रजी सुधारत नाही. "येतं गं हळूहळू" अशी समजूत घालणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्या मुलीला उद्या वर्गात उभं राहायचं असतं. वर्गातल्या रोजच्या सूचना, प्रश्न, शाबासकीची वाक्यं ती होस्टेलवर मैत्रिणीसमोर मोठ्यानं म्हणते, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकते, यादीतली चूक सापडली की खूण करते. कंटाळवाणं आहे, पण उपयोग होतो. आणि एक गोष्ट तिची तिलाच उमगली: तांड्यावरून मराठी शाळेत आल्यावर आपण कितीतरी दिवस गप्प बसून नुसतं ऐकत होतो. म्हणून गप्प पोरांना ती आता लगेच उभं करत नाही.

मार्गदर्शक सर मागच्या बाकावर येऊन बसले की तिचा आवाज अजूनही खाली जातो. त्यासाठी आधी मैत्रिणीला तिथं बसवायचं, मग शाळेतल्या बाईंना, शेवटी सरांनाच बोलवायचं, असं ठरलंय. मैत्रीण पुढच्या आठवड्यात येते आहे.