पतसंस्थेतलं खातं बँकेसारखंच असतं का?

तुम्ही विचारलंय की गावातल्या पतसंस्थेत बचत खातं आणि पिग्मी (एजंट रोज दारात येऊन थोडे थोडे पैसे गोळा करतो ती ठेव) सुरू करावी का, आणि कापसाचे पैसे त्यातच येतील का. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नऊ वर्षं पिग्मी एजंट होतो.

आधी कापसाचं. सीसीआयचा (सरकारी कापूस खरेदी करणारं भारतीय कपास निगम) चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, आणि पीएम किसानचे २००० आधारला जोडलेल्या बँक खात्यातच पडतात. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, त्यामुळे बँकेचं खातं मोडू नका.

पतसंस्थेत आधी सभासद व्हावं लागतं. संस्थेचा शेअर (भाग) घ्या, आधार-पॅन द्या, की पासबुक मिळतं. नाममात्र सभासद करून घेत असतील तर लक्षात असू द्या, त्याला मत नाही आणि लाभांशही नाही.

ठेवीचं मात्र नीट ऐका. बँक बुडाली तर व्याज धरून ५ लाखांपर्यंत विमा असतो (२०२० च्या आधी तो १ लाख होता). तो पतसंस्थेला लागू नाही. ती १९६० च्या सहकार कायद्याखाली चालते, आणि लक्ष ठेवतो तालुक्याचा सहायक निबंधक. दीड-दोन टक्के व्याज जास्त दिसलं म्हणून सोयाबीन विकून आलेली सगळी रक्कम एकाच ठिकाणी कोंबू नका. लेखापरीक्षणाचा वर्ग (ऑडिटमध्ये संस्थेला मिळालेली श्रेणी, 'अ' सगळ्यात चांगली) कोणता, हे मॅनेजरला सरळ विचारा. 'अ' असेल तर तो खुशीनं सांगतो. विषय बदलला तर उठून या.

पिग्मी चांगली आहे. पानटपरीवाला, भाजीवाली, दुधवाला यांच्याकडे रोजचे पन्नास-शंभर घरात टिकत नाहीत, एजंट दारात उभा राहिला की टिकतात. पण मुदतीआधी मोडली तर व्याज बहुधा मिळत नाही, वरून एजंटचं कमिशनही कापतात. किती महिन्यांनी काय मिळेल, ते फॉर्मवर वाचून घ्या.

आणि पावती. "मशीन चार्ज नाही काकू, उद्या देतो" असं मी स्वतः कितीदा म्हटलंय. मी घेतलेले पैसे खात्यात भरले जायचे, पण सगळ्यांचे भरले जातातच असं नाही. त्या दिवशी वहीत आकडा आणि सही घ्या, आणि महिन्यातून एकदा शाखेत जाऊन खातेउतारा त्या वहीशी ताडून पाहा. वारसाचं नाव लावलंय का, तेही तेव्हाच बघा.