धाकट्याला घरी ठेवून जायचे का?

पत्र : ताई, आम्ही सोलापूरला अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला राहतो. यजमान टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. मला सहा वर्षांची मुलगी आणि पावणेतीन वर्षांचा मुलगा आहे. पुण्याच्या दिरांनी दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात जायचे ठरवले आहे. त्यांची मुले अकरा आणि तेरा वर्षांची आहेत. यजमान म्हणतात, धाकट्याला सासूबाईंजवळ ठेवू, नाहीतर कुणालाच काही बघता येणार नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या म्हणतात, एवढ्याशा लेकरांना काय कळतंय, हजारो रुपये पाण्यात. मागच्या उन्हाळ्यात एका वॉटर पार्कला गेलो तेव्हा मी दिवसभर पिशव्या आणि धाकटा सांभाळत छत्रीखाली बसून होते. त्याला सोडून जायला मन होत नाही, आणि नेले तर पुन्हा तेच होणार. माझेच चुकते आहे का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : तुमचे काहीही चुकत नाही. धाकट्याला न्यावे की ठेवावे, यावर तुमच्या घरात सगळे बोलत आहेत, पण नेल्यावर त्याला कोणी सांभाळायचे हा प्रश्न कुणीच विचारलेला दिसत नाही, कारण त्याचे उत्तर सगळ्यांनी गृहीत धरले आहे. माझ्या मते धाकट्याला अवश्य न्यावे. मात्र दिवसातला कोणता वेळ कोणी त्याच्याजवळ थांबायचे, हे तिकिटे काढण्यापूर्वी घरातच ठरले पाहिजे. तिथे गेल्यावर, रांगेत उभे असताना, अकरा-तेरा वर्षांची पुतणे मंडळी हात ओढत असताना, हे कधीही ठरत नाही.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करू. बहुतेक माणसांच्या पहिल्या आठवणी तीन-चार वर्षांच्या वयापासूनच्या असतात, त्यामुळे धाकट्याला ही सहल पुढे आठवणार नाही. परंतु मुलीला ती नक्की आठवेल, आणि आपल्याला नेले आणि भाऊ घरी रडत राहिला, हेही आठवेल. शिवाय पावणेतीन वर्षांच्या, अंगणभर धावणाऱ्या मुलाला दोन रात्री सांभाळणे दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला झेपणारे नाही. सासूबाई स्पष्ट बोलत नसतील, पण त्यांच्या विरोधामागे ही काळजीही असू शकते. त्यांना एकदा शांतपणे विचारून पाहा.

आता मुलीचे पाहू. अशा उद्यानांत कोणत्या राइडवर कोणाला बसू द्यायचे हे वयावर नव्हे, उंचीवर ठरते, आणि प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंचीची खूण असते. सहा वर्षांच्या मुलीची उंची साधारणपणे 115 सेंटीमीटरच्या आसपास असते, म्हणजे नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरवर तिला बसता येणार नाही, आणि चुलतभावंडे तिथेच सर्वांत आधी धावतील. म्हणून निघण्यापूर्वी घरातल्या भिंतीला पाठ लावून दोन्ही मुलांची उंची पेन्सिलीने खूण करून मोजा, उद्यानाच्या संकेतस्थळावर दिलेल्या उंचीशी ती ताडून पाहा, आणि तुला यात बसता येईल, त्यात येणार नाही, हे मुलीला इथेच सांगा. जाड तळव्याचे बूट घालून किंवा टाचा उंचावून मुलाला आत घुसवणारे पालक मी पाहिले आहेत आणि मला त्याची फार भीती वाटते. राइडचा लोखंडी दांडा मोठ्या मांडीवर घट्ट बसेल अशा बेताने केलेला असतो, लहान मुलाचे अंग त्याखालून सरकू शकते. तिथला कर्मचारी नाही म्हणाला तर ते निमूटपणे ऐकावे.

तिला भीती कशाची वाटते, याचा अंदाज तुम्हाला सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेवरूनच येईल. सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर ती आकाशपाळण्यात बसली तेव्हा वर गेल्यावर हसली, की तुमच्या पदरात तोंड लपवले? अंधाऱ्या खेळाच्या तंबूतून रडत बाहेर आली असेल, तर इमॅजिकातल्या सलीमगढच्या अंधारात तिला मुळीच नेऊ नका, मोठी भावंडे कितीही चिडवोत. टबी टेक्स ऑफ किंवा मॅजिक कॅरोसेल यांसारख्या लहानग्यांसाठीच्या राइड तिला पुरेशा आहेत, आणि त्यांतल्या काहींत धाकटाही तुमच्याजवळ बसू शकेल.

प्रवासाबद्दल मी जरा आग्रहाने सांगते. सोलापूर ते पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि पुढे खोपोली आणखी ऐंशीच्या घरात. पहाटे तीनला निघून तिथे पोहोचायचे, दिवसभर हिंडायचे आणि रात्रीच परत फिरायचे, असा बेत पुरुषमंडळी हौसेने आखतात. तसे करू नका. आदल्या दिवशी दिरांकडे पुण्याला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी उद्यान पाहून रात्री पुन्हा पुण्यालाच झोपा. पुण्याहून खोपोलीला जाताना खंडाळ्याचा घाट उतरावा लागतो, आणि गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखालच्या बाळांपेक्षा शाळकरी मुलांना अधिक होतो, म्हणून मुलीला घाटात मोबाईल पाहू देऊ नका, समोरचा रस्ता दिसेल अशी बसवा आणि सकाळी तळलेले काही देऊ नका. औषध द्यायचेच असेल तर मात्रा तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी गाडीत जरूर ठेवा, वाटेत तिचा आधार होतो. उद्यानात बाहेरचे खाणे सहसा नेऊ देत नाहीत, लहान मुलाच्या खाण्याला बहुधा सवलत असते, ती आधी फोन करून विचारावी.

दिवाळीचे पहिले चार-पाच दिवस आणि शनिवार-रविवार टाळा. शाळेची सुट्टी पुढेही काही दिवस असते. त्या शेवटच्या आठवड्यातला एखादा मंगळवार किंवा बुधवार निवडलात तर रांगा निम्म्याने कमी वाटतील, आणि लहान मुलांच्या सहलीचा विचका उन्हापेक्षाही रांगेने अधिक होतो. यजमानांची रजा त्यासाठी आताच मागून ठेवावी लागेल.

आत शिरल्यावर धाकट्याच्या झोपेची वेळ हीच तुमच्या दिवसाची मुख्य वेळ समजा. तो रोज दुपारी एक वाजता झोपत असेल तर साडेबाराला त्याला जेवू घालून ढकलगाडीत आडवा करा. सकाळी निघतानाच दोन्ही मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवा, मनगटावर पेनाने तुमचा मोबाईल क्रमांक लिहा, आणि मुलीला सांगा की चुकलीस तर गणवेशातल्या कर्मचाऱ्याकडे जायचे, आम्हाला शोधत फिरायचे नाही. मीठ-साखरेच्या पाण्याच्या म्हणजे ओआरएसच्या पुड्या जवळ ठेवा. खेळाच्या नादात मूल पाणी मागत नाही. चार-पाच तासांत धाकट्याला लघवी झाली नाही, तर राइड थांबवून सावलीत बसा आणि थोडे थोडे पाजत राहा. सोलापूरच्या उन्हाची सवय असलेल्या आपल्या माणसांना कोकणाच्या दमट हवेतला घाम कमी लेखण्याची खोड असते. वॉटर पार्कही त्याच दिवशी करायचा मोह होईल, तो टाळा. एका दिवसात दोन्ही केले तर धाकटा संध्याकाळी तापाने फणफणण्याचीच शक्यता अधिक.

आणि आता तुमच्या छत्रीविषयी. यजमानांना रात्री जेवणे झाल्यावर, मुले झोपल्यावर, एवढेच सांगा : धाकटा झोपेल ते दोन तास तुम्ही त्याच्याजवळ बसायचे, मी मुलीबरोबर जाईन, तो उठल्यावर मी बसेन, तुम्ही पुतण्यांबरोबर मोठ्या राइडवर जा. हे भांडणाच्या सुरात सांगू नका आणि विनवणीच्या सुरातही नको. मागच्या वेळी मी कुठेच बसले नाही, हे त्यांच्या कदाचित लक्षातही आलेले नसेल. कष्टाच्या कमाईतून तुमचेही तिकीट काढले जाणार आहे, त्या पैशात पिशव्या सांभाळायला कुणी का जावे? पिशव्यांसाठी लॉकर भाड्याने मिळतात. कोणत्या राइडवर पालकांना आळीपाळीने, दुसऱ्यांदा रांग न लावता बसू देतात, हेही प्रवेशद्वारापाशी विचारून घ्या.

सासूबाईंना मात्र घरी एकटे ठेवण्यापेक्षा पुण्यापर्यंत सोबत न्या. खोपोलीजवळच महडचा वरदविनायक आहे आणि खोपोली-पाली रस्त्याने पुढे गेले की पालीचा बल्लाळेश्वर, म्हणजे अष्टविनायकांपैकी दोन गणपती त्याच वाटेवर. उद्यानाच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून सकाळी निघून महडचे दर्शन घडवता येईल, किंवा सगळ्यांना थकवा आला असेल तर सासूबाई दिरांकडेच निवांत राहतील. दोन्हींपैकी काय हवे ते त्यांनाच ठरवू द्या. नातवंडे सांभाळायला नेले, असे त्यांना वाटता कामा नये.

राहता राहिल्या जाऊबाई. मोठ्या मुलांना लहानग्यांच्या राइडपाशी ताटकळत ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय होईल, म्हणून आत गेल्यावर दोन गट करायचे, दुपारी जेवायला एकत्र यायचे आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास तुमच्या चौघांनी बाहेर पडायचे, तिकीट वसूल झाले नाही असे कुणी म्हणाले तरी. दिरांचे कुटुंब हवे तर थांबेल. जाऊबाईंना हा बेत या आठवड्यातच फोन करून सांगा, म्हणजे गाडी एक करायची की दोन, हे त्यांना वेळेवर ठरवता येईल.