नव्या आशाताईला

अगं, अंगानं भरलेली गरोदर बाई दिसली की ‘हिला काय कमी!’ म्हणत पुढच्या घरी जाऊ नकोस. दिघ्यात सुरुवातीला मीही तेच केलं. जास्त वजनामुळे आतल्या आत बारीक सूज राहते, हेप्सिडिन हे लोहावर लगाम ठेवणारं संप्रेरक वाढतं आणि लोह आतड्यातच अडतं. मग बाळाच्या वाट्यालाही कमी येऊ शकतं. बाळाचा लोहाचा साठा बहुतेक शेवटच्या 3 महिन्यांतच भरतो. हिमोग्लोबिन 11च्या खाली असेल तर डॉक्टरांकडे धाडच. लोहाच्या लाल गोळ्या कुठे ठेवल्यात तेही बघ. मला एकदा चहाच्या डब्यामागे अख्खी पाकिटं सापडली! चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको, लिंबूपाणी चालेल. आणि वजनावरून टोमणा मारलास तर पुढच्या वेळी ती दारच उघडणार नाही.