बायबलमधल्या वंशावळींतल्या किरकोळ माणसांच्या नावांना काही अर्थ आहे का, की ती नुसती भरती आहे?

अर्थ बहुतेक नावांना आहे. पण 'अमुक म्हणजे तमुक' असं कोष्टक करायला गेलात तर फसाल, कारण अर्थ सांगताना खुद्द हिब्रू लेखकच शब्दांशी खेळतो.

याबेसचं बघा. बायबलच्या 'पहिला इतिहास' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात यहूदाच्या वंशजांची नावं धडाधड चालू असतात आणि मध्येच हा गृहस्थ उपटतो. बाप कोण, मुलं कोण, काही पत्ता नाही. एवढंच कळतं की 'याला मी क्लेशाने जन्म दिला' म्हणत आईने याबेस नाव ठेवलं. क्लेशाला हिब्रूत शब्द 'ओत्सेब'. त्यातली अक्षरं अयिन, त्सादे, बेथ अशी. याबेसमध्ये शेवटची दोन उलटी. व्युत्पत्ती म्हणून हे टिकत नाही, श्लेष म्हणून चोख आहे. आणि लगेच पुढच्या वचनात याबेस देवाकडे काय मागतो, तर मला क्लेश होऊ देऊ नकोस! आपल्याकडे आधीची मुलं दगावली की दगडू, धोंडू ठेवत, म्हणजे नावच ढाल. इथे उलट, नावापासूनच वाचव अशी विनवणी.

मला त्याहून आवडतात त्या सलाफहादच्या पाच मुली: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. भाऊ नाही म्हणून या मोशेपुढे उभ्या राहून बापाचा वाटा मागतात आणि मिळवतात (बायबलचं 'गणना' हे पुस्तक, अध्याय 27). होग्ला म्हणजे तितर. नोआचं मूळ 'हलणं' या धातूत. जहाजवाल्या नोहाशी तिचा संबंध नाही, हिब्रूत दोघांची अक्षरंही वेगळी. आता गंमत बघा. 1910 साली शोमरोनच्या, म्हणजे प्राचीन इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याच्या राजधानीच्या, उत्खननात शाईने लिहिलेली खापरं सापडली. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या, दारू आणि तेलाच्या नोंदी. माल कुठून आला ते सांगताना त्यांत 'नोआ' आणि 'होग्ला' ही मुलखांची नावं येतात. अबियेजर, हेलेक, शखेम, शमीदा हे मनश्शेच्या, म्हणजे सलाफहादच्याच वंशाच्या, वंशावळीतले पुरुषही तिथे मुलूख म्हणूनच भेटतात. म्हणजे 'अमक्याची मुलगी तमकी' या ओळीत निदान काही ठिकाणी कुठला मुलूख कुठल्या कुळाकडे, याची नोंद दडलेली आहे. त्यामुळे या याद्यांना मी भरती म्हणणार नाही. त्या काळचा सातबाराच म्हणा.

आणखी एक. इस्राएलचा पहिला राजा शौल, त्याच्या मुलाला शमुवेलाच्या पुस्तकात ईश-बोशेथ म्हटलंय. बोशेथ म्हणजे लाज. वंशावळीत मात्र तोच एश्बाल आहे, बाल या शब्दासकट. बाल म्हणजे धनी, पण ते परक्या देवाचंही नाव, म्हणून नंतरच्या कुणीतरी तिथे लाज घातली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कंटाळवाण्या यादीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणून मूळ नाव वाचलं, असा माझा तर्क.

वाचायचं असेल तर पहिल्या इतिहासाचे पहिले नऊ अध्याय चाळा. सलग वाचू नका, झोप येईल. यादी थांबून लेखक एखाद्याबद्दल वाक्यभर जास्त बोलतो, तेवढ्याच जागा शोधा. सातव्या अध्यायातली शेरा चुकवू नका: बाई असून तिने तीन गावं वसवली आणि त्यातल्या एकाला तिचंच नाव आहे.