लाखात एक म्हणतात, मग आमच्या लेआउटमध्ये दोन कसे?

प्रश्न : ताई नमस्कार, मी मानेवाडा भागात राहते, नाव छापू नका प्लीज. माझे सासरे 58 वर्षांचे आहेत. मागच्या दिवाळीपासून त्यांच्या उजव्या हाताची पकड सुटत गेली, आधी शर्टाची बटणं लागेनात, मग गाडीची चावी फिरेना. आम्हाला वाटलं मणक्याचं असेल. शेवटी धंतोलीत ईएमजी (स्नायू आणि नसांची विजेवरची तपासणी) केला आणि डॉक्टर म्हणाले मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एमएनडी, यात स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू मरत जातात, लाखात एखाद्याला होतो. पण आमच्या घरापासून दोन घरं सोडून एक काकू आहेत त्यांनाही हाच निघाला, त्यांचं तर बोलणंच गेलं. आता सगळे बोरिंगच्या पाण्याला दोष देऊन राहिले, एक जण तर घर विकायचं म्हणून राहिला. नागपुरात असे खरंच किती लोक असतील?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मला माझ्या मामांचा हात आठवला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जवळ आणलं की मध्ये जो मांसाचा उंचवटा येतो ना, तिथे त्यांच्या खड्डा पडला होता, आणि करंगळीकडची बाजू मात्र बऱ्यापैकी भरलेली. या आजारात हात पुष्कळदा असा अर्धाच वाळतो. तेव्हा आम्हाला हे कोण सांगणार, एका हॉस्पिटलने मानेचा पट्टा दिला आणि त्यात आठ महिने गेले. हे मुद्दाम लिहिते कारण निदानाला वर्षभर लागणं जगभरच चालतं, आणि तोवर तो माणूस कुठल्याच आकड्यात नसतो.

आता ते "लाखात एक". हा आकडा दरवर्षी नव्याने आजारी पडणाऱ्यांचा आहे, आज आजारी असलेल्यांचा नाही, आणि सगळा गोंधळ इथेच होतो. युरोपात वर्षाला लाखामागे साधारण 2 ते 3 नवे पेशंट सापडतात, आशियातल्या पाहण्यांमध्ये तो आकडा 1 च्या आसपास किंवा त्याहूनही कमी येतो. एक कारण सरळ आहे, हा आजार मुख्यतः पन्नाशी-साठीनंतरचा आणि आपली लोकसंख्या तरुण. दुसरं, युरोपियन लोकांत ज्या सी-नाइन-ऑर्फ-72 जीनमधल्या बिघाडामुळे बऱ्याच घरांत हा आजार येतो तो बिघाड आशियात फार कमी दिसतो. आणि तिसरं म्हणजे खेड्यात कुणाचे हातपाय गेले, घास अडकायला लागला, तर लोक "लकवा झाला" म्हणतात आणि विषय संपतो.

नागपूर जिल्हा 2011 च्या जनगणनेत साडेसेहेचाळीस लाखांचा होता. लाखाला 1 धरा, म्हणजे वर्षाला 46 नवे. निदानानंतर माणूस सरासरी तीनेक वर्षं काढतो असं धरलं तर एका वेळी जिल्ह्यात दीडशेच्या आसपास लोक या आजारासोबत जगत असणार. हे कागदावरचं गणित आहे, घरोघरी जाऊन मोजलेलं नाही, पण दीडशे म्हणजे दीडशे घरं, हे लक्षात घ्या.

आणि इथे एक गोष्ट मला फार छळते. डॉक्टरच्या वेटिंगमध्ये चारच लोक बसलेले दिसले म्हणून दिवसभरात चारच आले असं होत नाही ना, लवकर उठून गेले तरी बाकं रिकामीच दिसतात. एमएनडीचं तसंच आहे. ब्रिटनमध्ये कुठल्याही वेळी साधारण 5,000 लोकांना हा आजार असतो, म्हणजे लाखामागे सात-आठ, पण तिथे आयुष्यभरात हा होण्याची शक्यता काढली तर ती 300 मध्ये 1 निघते! लोक कमी दिसतात कारण ते फार दिवस राहत नाहीत. मामा अडीच वर्षांत गेले.

आता तुमच्या दोन घरांबद्दल. मूठभर तुरीचे दाणे घ्या आणि फरशीवर उधळा, कुठल्या फरशीवर तीन पडतील, कुठे एकही नाही, आणि तीनवाल्या फरशीत वेगळं काहीच नसतं. नागपुरात एवढे लेआउट आहेत की कुठेतरी दोन घरं जवळ येणारच, ती तुमची आली. जगात खरे पुंजके झालेत, नाही असं नाही. 1950 च्या दशकात प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर चामोरो लोकांत हा आजार इतर जगाच्या 50 ते 100 पट होता, जपानच्या 'कीई' नावाच्या द्वीपकल्पातही तो जास्त होता. पण पट बघा, 50 ते 100! दोन घरांवरून तसं म्हणता येत नाही. बोरिंगचं पाणी तपासायचं तर जरूर तपासा, नायट्रेट-फ्लोराइडसाठी ते केलंच पाहिजे, पण त्या पाण्याने एमएनडी झाला म्हणून घर विकू नका. आणि हो, हा आजार संसर्गाने पसरत नाही, त्या काकूंकडे लोकांनी जाणं-येणं कमी केलं असेल तर तुम्ही आधी जा.

"धंतोलीतल्या डॉक्टरांकडे तर दर महिन्याला नवे पेशंट येतात" असंही तुम्हाला कुणी सांगेल. येतातच, पण ते कुठून येतात? गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, पलीकडून छिंदवाडा, बालाघाट, शिवनी, बैतूल, राजनांदगाव. इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत तासभर बसा, अर्धी रांग हिंदीत बोलते. मग भागायचं कशाने, नागपूरच्या लोकसंख्येने की अख्ख्या मध्य भारताच्या? हॉस्पिटलचा आकडा हॉस्पिटलचा असतो, जिल्ह्याचा नाही. म्हणून स्कॉटलंडने 1989 पासून या आजाराच्या प्रत्येक पेशंटची नोंद ठेवली, आयर्लंडने आणि इटलीतल्या पिएमॉन्तेने 1995 पासून. आपल्या नागपुरात कॅन्सरची अशी नोंद होते, मग एमएनडीची का नाही? आकडा नसला की श्वासाला मदत करणारी बायपॅप मशीन किती लागणार, घास गिळायला शिकवणारे थेरपिस्ट किती, याचा हिशोब कुणीच करत नाही आणि सगळं घरच्या सुनेच्या अंगावर येतं.

सासऱ्यांच्या श्वासाची तपासणी आत्ताच करून घ्या, धाप लागायची वाट बघू नका. रात्री झोप मोडते का, सकाळी डोकं दुखतं का, एवढं त्यांना रोज विचारा, श्वास कमी पडतो तेव्हा आधी हेच दिसतं. रिल्युझोलची गोळी डॉक्टरांनी दिलीच असेल, तिचा फायदा थोडा आहे पण आहे.

प्रश्न : वडील याच आजाराने गेले, मला आणि बहिणीला होईल का? (वर्धा)

उत्तर : शंभरातल्या नव्वद-पंच्याण्णव पेशंटच्या घरात दुसरं कुणीच नसतं. वडिलांशिवाय काका, आत्या, आजोबा असं कुणाला हेच झालं होतं का, किंवा कमी वयात विस्मरण आणि स्वभाव बदलणं असं काही होतं का, ते आधी आईला विचारा. असेल तर जेनेटिक समुपदेशकाला भेटा, तपासणी त्यानंतरची गोष्ट. एसओडी-1 या जीनमध्ये बिघाड असलेल्या पेशंटसाठी 2023 मध्ये अमेरिकेत टोफर्सन हे औषध मंजूर झालंय, त्यामुळे माहिती असण्याला आता थोडा तरी अर्थ आहे.

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा, एक हात मनगटाखाली बारीक झाला, नेटवर वाचून आम्ही रात्र रात्र जागून राहिलो. (काटोल)

उत्तर : या वयात, मुलगा असेल आणि एकाच हाताचं असेल तर मी आधी हिरायामाच्या आजाराचा विचार करते. मान वाकवली की मणक्यातली नस दाबली जाते त्यामुळे हा होतो, काही वर्षं वाढतो आणि बहुतेकांत थांबतो. डिसेंबरच्या सकाळी थंड पाण्याने हात धुतल्यावर बोटं आखडतात, सरळ होत नाहीत, असं तो सांगतो का? न्यूरॉलॉजिस्टकडे या महिन्यातच जा. कॉलर लावायला सांगितला तर कंटाळा करू देऊ नका. आणि एमआरआय करताना तो मान पुढे वाकवूनही काढायला सांगा, सरळ झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये हे पुष्कळदा दिसतच नाही.