वैद्यकीय निबंधात संदर्भ कसे द्यावेत, आणि आढावा लेखातून उचललेला संदर्भ चालतो का?

आपले दोन प्रश्न आहेत: वैद्यकीय अभ्यासक्रमातील निबंधासाठी संदर्भांची कोणती पद्धत वापरावी, आणि एखाद्या आढावा लेखात, म्हणजे इतरांच्या शोधलेखांचा एकत्रित परामर्श घेणाऱ्या लेखात, वाचलेल्या विधानासाठी थेट मूळ शोधलेखाचा संदर्भ दिला तर चालेल का. पहिल्याचे उत्तर सोपे आहे.

विभागाने किंवा नियतकालिकाने पद्धत ठरवून दिली असेल तर तीच पाळावी. नसेल तर व्हँकूव्हर पद्धत घ्यावी. १९७८ साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमले होते, त्यावरून हे नाव पडले. मजकुरात संदर्भ ज्या क्रमाने प्रथम येतो तो त्याचा क्रमांक, आणि तोच लेख पुढे दहा वेळा आला तरी क्रमांक बदलत नाही. सूचीत लेखकाचे आडनाव, टिंबांशिवाय आद्याक्षरे, लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे संक्षिप्त नाव आणि शेवटी १९८०;३०२:१२३ असा आकड्यांचा गट येतो, म्हणजे वर्ष, अर्धविराम, खंड, अपूर्णविराम, पृष्ठ. लेखक सहापेक्षा अधिक असतील तर पहिले सहा देऊन ‘व इतर’ लिहितात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पद्धतीत मात्र अशा वेळी पहिले तीनच देतात. हे सारे झोटेरोसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर सोपवावे. मी एकदा सगळे क्रमांक हाताने घातले होते. मार्गदर्शकांनी प्रस्तावनेत एक परिच्छेद वाढवायला सांगितला आणि चौथ्यापासून पुढचा प्रत्येक आकडा बदलता बदलता रात्र गेली.

वरचा आकड्यांचा गट मी मुद्दाम निवडला आहे, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९८० साली छापलेले ते जेमतेम पाच वाक्यांचे पत्र आहे. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामके मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्यांत व्यसनाची नीट नोंद झालेली प्रकरणे केवळ चार आढळली, एवढेच त्यात म्हटले होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. तरीही ‘या औषधांचे व्यसन क्वचितच लागते’ या सरसकट विधानापुढे त्याचा क्रमांक पडत राहिला. २०१७ साली त्याच नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार या पत्राचा उल्लेख ६०८ वेळा झाला होता, आणि सुमारे ८१ टक्के उल्लेखांत हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्टच सांगितलेली नव्हती. सूचीतले विरामचिन्ह न्‌ विरामचिन्ह अचूक असूनही संदर्भ खोटा पडू शकतो, तो असा.

म्हणून मूळ लेख स्वतः वाचला असेल तरच त्याचा संदर्भ द्यावा, आणि तोही नुसता सारांश वाचून नव्हे. रुग्ण कोण होते, किती काळ पाहिले, हे बहुधा सारांशात पुरते येत नाही. मूळ लेख मिळालाच नाही, तर जो आढावा लेख प्रत्यक्ष वाचला त्याचाच संदर्भ प्रामाणिकपणे द्यावा. परीक्षकांना त्यात काही वावगे वाटत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने सुचवलेला संदर्भ मात्र पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर शोधून, उघडून पाहिल्याशिवाय सूचीत घेऊ नये, कारण लेखक, वर्ष, खंड सगळे खरे वाटावे असे अस्तित्वातच नसलेले लेख ही साधने सहज रचून देतात. पबमेडवर गेलातच, तर लेख मागे घेतल्याची सूचना तिथे आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे; गोवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्रित लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा लॅन्सेटमधील १९९८ चा लेख २०१० साली मागे घेतला गेला, पण जुन्या सूच्यांतून तो अजूनही हाती येतो.