युद्धनौकांचे टपाल शिक्के आणि खास पाकिटे साताऱ्यात राहून कशी जमवायची? आजोबांच्या नौदलातल्या पाकिटांवरची तिकिटे काढून अल्बमला लावू का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई झाली तर झालेले नुकसान भरून येत नाही. तिकिटे काढू नका. पाकिटे पाण्यात घालू नका, कात्री लावू नका आणि आतले पत्र पाकिटापासून वेगळे ठेवू नका.

शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर उमटलेला असतो. तिकीट बहुधा लाखोंनी छापलेले असते, आजही किरकोळ भावात मिळते. त्या तारखेला, त्या टपाल कार्यालयातून, तुमच्या आजोबांनी तुमच्या घरी धाडलेले पाकीट मात्र एकच आहे. तिकीट सोडवले की शिक्का तुटतो आणि हातात उरतो तो बिनतारखेचा कागद.

नौदलाच्या टपालात हे जास्तच खरे आहे. आपल्या जिल्ह्यात, अपशिंग्यासारख्या गावात तर, ‘मार्फत ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) हा पत्ता घराघरात पाठ असतो. पश्चिमेकडच्या फौजेसाठी ५६, पूर्वेकडच्या फौजेसाठी ९९. पलटण कुठे आहे हे पत्त्यावरून कळू नये, हाच त्यामागचा हेतू. फौजेसोबतच्या टपाल कार्यालयाच्या, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यातही गावाचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. नौदलाचेही तसेच. जहाजाचे नाव आणि त्याखाली ‘मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’; काही जहाजांसाठी विशाखापट्टणम किंवा कोची. जहाज बंदरात असो वा भर समुद्रात, पत्ता तोच. त्यामुळे भारतीय नौसैनिकाच्या पाकिटावर टपालाच्या शिक्क्यात जहाजाचे नाव सहसा सापडत नाही. ते सापडते पाठवणाऱ्याच्या पत्त्यात, जहाजाच्या कार्यालयाच्या रबरी शिक्क्यात, नाहीतर आतल्या मजकुरात. पत्र हरवले तर पाकीट कुठल्या जहाजावरचे हे सांगणारा पुरावाच जातो.

माझे चुलते नौदलात होते आणि कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरी त्यांची पत्रे आजीने जपली होती. मी या छंदात पडलो तो ती पत्रे लावता लावता. पाकिटाच्या पुढे क्रमांकाचा शिक्का, मागे आमच्या पोस्टात पत्र पोचल्याचा शिक्का. दोन तारखा शेजारी ठेवल्या की कोणते पत्र चार दिवसांत आले आणि कोणते तीन आठवडे रखडले हे दिसते. मजकुरात चुलते ‘आम्ही सध्या बाहेर आहोत’ यापलीकडे काही लिहीत नसत, पण तारखांमधली अंतरे बरेच सांगून जातात. म्हणून पाकिटाची मागची बाजू नेहमी पाहा. विक्रेते पुढच्या बाजूचाच फोटो दाखवतात, तेव्हा मागचा मागून घ्यायला संकोच करू नका.

जुन्या पाकिटांचा काळ ठरवायला काही खुणा उपयोगी पडतात. रबरी शिक्क्यात ‘एच.एम.आय.एस.’ असेल तर जहाज रॉयल इंडियन नेव्हीच्या काळातले, म्हणजे २६ जानेवारी १९५० च्या आधीचे. त्यानंतर ‘आय.एन.एस.’. घरून आजोबांना गेलेली आणि त्यांनी परत आणलेली पाकिटे असतील तर १९७१ ची अवश्य शोधा. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर ५ पैशांचा जादा आकार लागला. ‘शरणार्थी सहायता’ असे छापलेली तिकिटे सगळीकडे वेळेत पोचली नाहीत, तेव्हा अनेक ठिकाणच्या पोस्टांनी साध्या ५ पैशांच्या तिकिटांवर स्वतःचे रबरी शिक्के मारून काम भागवले. अशा स्थानिक शिक्क्यांचा अभ्यास करणारे लोक आहेत. हा आकार मार्च १९७३ पर्यंत होता. १९७१ च्या हिवाळ्यात विमानवाहू युद्धनौका विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. साताऱ्याकडच्या एखाद्या घरातून तिच्यावरच्या खलाशाला गेलेले, शरणार्थी तिकीट लावलेले पाकीट हाती आले तर मी त्याला सोन्याच्या मोलाचे मानेन.

आता नवीन संग्रहाबद्दल. जहाजाचे नाव थेट टपाल शिक्क्यातच हवे असेल तर अमेरिकन नौदलाकडे वळावे लागते. त्यांच्या युद्धनौकांवर १९०८ पासून स्वतःची पोस्ट ऑफिसे आहेत. गोल शिक्क्यात जहाजाचे नाव आणि तारीख, शेजारी तिकीट रद्द करणाऱ्या आडव्या पट्ट्या. १९३० च्या दशकात जहाजावरचे टपाल कारकून या पट्ट्यांच्या मधे बंदराचे किंवा सणाचे नाव बसवत, त्यामुळे एका जहाजाचा प्रवास शिक्क्यांवरून लावता येतो. दुसऱ्या महायुद्धात गुप्ततेसाठी नावे काढली आणि शिक्क्यात नुसते ‘यू.एस. नेव्ही’ उरले. शिक्क्यांच्या प्रकारांची वर्गवारी ‘लोसी’ पद्धतीने करतात, आणि १९३२ पासून चालू असलेली युनिव्हर्सल शिप कॅन्सलेशन सोसायटी याच विषयाला वाहिलेली आहे. सुरुवातीला घ्यायला सोपी आणि सुंदर म्हणजे अंतराळवीरांना समुद्रातून उचलणाऱ्या जहाजांची पाकिटे. अपोलो ११ साठी ते जहाज हॉर्नेट होते, त्यामुळे तिचा २४ जुलै १९६९ चा शिक्का पाहावा. उलट पर्ल हार्बरला बुडालेल्या अॅरिझोनाच्या शिक्क्यांपासून नवख्याने लांब राहावे, त्यांत बनावट माल बराच आहे.

चालू सेवेतल्या अमेरिकन जहाजाला पत्र लिहूनही शिक्का मागता येतो. जहाजाच्या टपाल कारकुनाच्या नावे चार ओळींचे सभ्य पत्र लिहा. आत तुमचा पत्ता लिहिलेले दुसरे पाकीट ठेवा आणि त्यावर अमेरिकेचे परदेशी दराचे, ‘ग्लोबल फॉरेव्हर’ तिकीट लावा, भारतीय तिकीट तिथे चालत नाही. ही तिकिटे तिकडच्या एखाद्या संग्राहकाशी अदलाबदल करून मिळवावीत. परतीच्या पाकिटात एक जाड कार्ड सरकवले की शिक्का स्वच्छ उमटतो. डावीकडची जागा मोकळी ठेवा, म्हणजे जहाजाचा चित्रशिक्का असेल तर तिथे बसेल. पुढे महिनोन्महिने वाट, आणि पुष्कळदा उत्तर येतच नाही. ते लोक कामातून वेळ काढून हे करतात, म्हणून स्मरणपत्रे पाठवू नयेत. उत्तर आले तर आभाराचे कार्ड जरूर पाठवा.

भारतीय खास पाकिटे जमवणे त्यापेक्षा सरळ आहे, आणि मला स्वतःला तीच जास्त प्रिय आहेत. फर्स्ट डे कव्हर नव्या तिकिटाच्या प्रकाशनाचे असते, स्पेशल कव्हर एखाद्या प्रसंगाचे आणि त्यावर त्या दिवसाचा खास शिक्का. सैन्याची टपाल सेवाही पलटणींच्या आणि जहाजांच्या प्रसंगांना पाकिटे काढते. त्यांवर ५६ किंवा ९९ एपीओचा शिक्का असतो आणि सोबतच्या माहितीपत्रकात त्या तुकडीचा इतिहास. ही माहितीपत्रके फेकू नका, पुष्कळ संग्राहक नेमके तेच करतात. मुंबई जीपीओ आणि पुण्याच्या फिलाटेलिक ब्युरोत (तिकीट संग्राहकांसाठीच्या टपाल खात्याच्या विभागात) खाते उघडले की नवी तिकिटे आणि फर्स्ट डे कव्हरे घरपोच येतात. जुन्यांमध्ये १९६८ चे निलगिरी या युद्धनौकेचे, १९८४ च्या राष्ट्रपती नौदल संचलनाची चार, २००१ च्या मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय संचलनाची, ही तिकिटे त्यांच्या पहिल्या दिवसाच्या शिक्क्यासह घ्या.

आणि साताऱ्याचा माणूस असाल तर एप्रिल १९९९ चे ३ रुपयांचे कान्होजी आंग्र्यांचे तिकीट संग्रहात हवेच. त्यावर त्यांच्या आरमारातले गुराब, म्हणजे शिडाचे लढाऊ जहाज आहे. कान्होजी सातारच्या छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. समुद्र इथून दिसत नसला तरी आरमाराचा कारभार या गादीशी बांधलेला होता. अल्बमचे पहिले पान तिथून सुरू करून शेवटचे २ सप्टेंबर २०२२ ला आणता येईल. त्या दिवशी कोचीत नवी विक्रांत सेवेत आली आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन नौदलाच्या निशाणावर आला.

आपल्याकडे पावसाळा लांबतो आणि दमट हवेने कागदावर तपकिरी डाग पडतात. पाकिटे आम्लमुक्त कागदाच्या किंवा मायलारच्या (पारदर्शक पॉलिस्टरच्या) पिशव्यांत, उभी ठेवा. बाजारातली वास येणारी मऊ प्लॅस्टिकची पाने वापरू नका, ती कालांतराने चिकटतात. लॅमिनेशन, चिकटपट्टी, टाचणी, काहीच नको. तपशील लिहायचा तर मऊ पेन्सिलीने, पाकिटाच्या कडेला.

आजोबांच्या पाकिटांचे दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाकलेत तर शिक्के वाचायला मदत करीन. मात्र घरातले कोणी आज सेवेत असेल तर त्यांची अलीकडची पाकिटे, जहाजाचे नाव आणि तारखा इथे टाकू नका. ती घरातच ठेवा, जमल्यास त्यांनाच विचारून मागे पेन्सिलीने चार शब्द लिहून घ्या.